चेंबरखालचा पत्रा

अकोटा, बडोदे
८ ऑक्टोबर १९८८

तीर्थरूप दादांच्या चरणी सुहासिनीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं म्हणजे माझा जीव थाऱ्यावर नाही. तुमची लाडकी भाची निरुपमा डॉक्टर झाली तेव्हा वाटलं, अलकापुरीत दवाखाना टाकेल, रोज संध्याकाळी घरी जेवायला येईल. कसलं काय! बाईसाहेब कवांटच्या डोंगरात लसी घेऊन हिंडतात, तेही लष्कराच्या लिलावातली जीप स्वतः हाकत. गेल्या महिन्यात दगडावर आपटून इंजिनाखालचं ऑईलचं चेंबर फुटलं. तेल सगळं वाहून गेलं आणि पोरगी भर पावसात रानात एकटी अडकली. तेव्हापासून घरात भांडं पडलं तरी मला धस्स होतं.

आता चेंबर वाचवायला खालून गार्ड लावायचा आहे. मकरपुऱ्याचा कारागीर लोखंडी पत्रा बसवून देतो म्हणतो. नीरूला ॲल्युमिनियमचा हवा, वजनाला हलका. आमच्या ह्यांचं म्हणणं, जितका जाड तितका भक्कम. तुमची उभी हयात लष्कराच्या वर्कशॉपात गेली, तेव्हा निवाडा तुम्हीच करा. दसरा तोंडावर आलाय, लवकर लिहा. वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

तुमची धाकटी,
सुहासिनी


कोल्हापूर
१३ ऑक्टोबर १९८८

चि. सौ. सुहासिनीस दत्ताजीरावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. ॲल्युमिनियम हलकं खरं, पण मऊ. दगडावर घासलं की खरवडतं आणि अडकतं. तिथं लोखंडच हवं. मात्र प्रतापसिंहरावांना सांग, जाडीच्या नादी लागू नका. गाडीला चिलखत घालायचं नाहीये, चार मिलिमीटर पुरे. फार वजन झालं तर पुढच्या स्प्रिंगांचे पाटे बसतील. बोल्ट चेंबरला नव्हे, चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला मारायचे. तेल काढायला भोक आणि चिखल गळायला फटी ठेवायच्या.

आणखी एक, आणि हे विसरू नका. नवा पत्रा थोडा चालवून झाला की सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे. ते राहिलं आणि पुढची कड सुटली, तर पत्रा नांगरासारखा जमिनीत रुततो. गाडी वेगात असली तर उलटते. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. जास्त लिहीत नाही, कारण तू रात्ररात्र जागत बसशील.

नीरूला शाबासकी. मामाचा ओढा तिच्याकडे जरा जास्तच आहे, तू रागावू नकोस.

तुझा,
दादा


एस. टी. स्टँड, बडोदे
१९ ऑक्टोबर, खंडेनवमी

तीर्थरूप दादांस घाईचा नमस्कार.

तुमचं पत्र आज दहाच्या सुमारास आलं. आम्ही तुमच्या उत्तराची वाट पाहिलीच नाही हो! कालच पत्रा बसवला. गावाबाहेर हरणीपर्यंत चालवून आणा आणि मग बोल्ट पुन्हा आवळा, असं कारागिरानंही सांगितलं होतं. नीरूनं काल सांजेला गाडी फिरवून आणली. पण आज नवमी. आमच्या घरची शस्त्रपूजा तुम्हाला ठाऊकच आहे. आजेसासऱ्यांच्या तलवारीशेजारी ह्यांनी जीपचे बोल्ट आवळायचे सगळे पाने मांडले, फुलं वाहिली, आणि उद्या सीमोल्लंघन होईपर्यंत हत्याराला हात लागणार नाही असं बजावलं. जीप तरी कुठे निघालीये, असं म्हणाले.

आणि सकाळीच कवांटहून फोन आला की वरच्या पाड्यात जुलाब-उलट्यांची साथ आहे. नीरू चहासुद्धा न घेता निघाली. मी पुरणाच्या चुलीपाशी. बोल्टांची आठवण कुणाला राहणार?

तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. दादा, चाळीस वर्षांत ज्या माणसानं पूजेतलं पान इकडचं तिकडे होऊ दिलं नाही, तो उठला, देवापुढून पाने उचलले आणि कुंकवासकट पिशवीत कोंबले. त्यांच्या तोंडाकडे बघून मला जास्तच भीती वाटली. कवांटला जायला आम्ही दोघं छोटा उदेपूरच्या बसची वाट बघत बसलोय. शेजारी बसलेली गुजराती बेन मला पाणी देते आणि गभराशो नहीं, घाबरू नका म्हणते. माझ्या डोळ्यांपुढून ती उलटी पडलेली जीप हलत नाही. अंबाबाईला आमच्यासाठी साकडं घाला.

सुहासिनी


अकोटा, बडोदे
२४ ऑक्टोबर १९८८

तीर्थरूप दादांच्या चरणी सुहासिनीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

नीरू सुखरूप आहे. हे आधी लिहिते, मग बाकीचं.

दिवस कलताना कवांटला पोचलो. जीप दवाखान्याच्या अंगणात उभी होती. ती चारी चाकांवर बघून मी तिथूनच अंबाबाईला हात जोडले. नीरू औषधं भरून वर पाड्याकडे निघायच्या बेतात होती. हे पांढऱ्या सदऱ्यानिशी मातीत आडवे झाले आणि गाडीखाली शिरले. पुढचा एक बोल्ट गळून पडला होता, दुसरा बोटांनी फिरत होता. ह्यांनी पान्यांबरोबर आणलेला नवा बोल्ट घातला, सगळे आवळले, आणि बाहेर आल्यावर कितीतरी वेळ तोंड धूत राहिले. मी तिकडे पाहिलं नाही.

मग मी हट्टानं नीरूशेजारी बसले. बापरे, तो काय रस्ता म्हणायचा! दगड पत्र्यावर ठाणठाण आपटत होते आणि दर वेळी मी वाकून खाली बघत होते. मी तिच्याकडे पाहिलं तर तीही दर दगडाला अंबाबाईचं नाव पुटपुटत होती. मला वाटायचं, पोरगी बेडर, तिला भीती म्हणून माहीत नाही. विचारलं, तर म्हणाली की दर खेपेला भीती वाटते. पण घरी बोलून दाखवलं तर आई पुन्हा जाऊ देणार नाही.

गाडी वळव, हे अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात वर पाड्याच्या तोंडाशी माणसं दिसली. एका बाईनं आपलं निपचित मूल दोन्ही हातांवर धरलं होतं. मी नीरूला म्हटलं की हळू चालव, पण चालव.

मूल वाचलं, दादा. चार दिवस तिथंच राहून आम्ही काल परतलो. आमचं एकच ठरलंय. निघताना भीती वाटली तर तिनं ती मला सांगायची आणि मी तिला अडवायचं नाही. आज सकाळी ती पुन्हा गेली. सांगून गेली.

तुमचा लोभ आम्हा दोघी भित्र्यांवर सारखा असू द्या.

तुमची,
सुहासिनी