तात्यांची हद्द

तात्या, काल नातीने भूगोलाच्या पुस्तकातून मान वर करून विचारलं, "आजी, डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हाच ना?" मी हो म्हणाले आणि भाजी निवडत राहिले, पण मन कधीच पंचवटीतल्या आपल्या स्वयंपाकघरात पोचलं होतं. तुम्ही कचेरीतून येता, हातपाय धुऊन पाटावर बसता आणि पहिल्या घासाबरोबर रोजचा एक इंग्रजी शब्द सोलायला घेता. आईच्या मते ही भुकेल्या माणसाची लक्षणं नव्हेत. त्या संध्याकाळी शब्द होता डिस्ट्रिक्ट. "मूळ लॅटिन," तुम्ही सांगताय, "अर्थ आवळून धरणं. सरदाराला जेवढ्या मुलखातून माणूस धरून आणता येई, तेवढा त्याचा डिस्ट्रिक्ट. त्यापलीकडे त्याचं काही चालत नसे." आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मग माझा या चुलीपुरताच. पोरीला पुण्याला धाडायचं ठरवलंत, तेव्हा मला विचारलंत का?" तुम्ही आमटीत भाकरी कुस्करत राहिलात. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात मला जागा मिळाली होती, नातलग नावं ठेवत होते, आणि मला जायचंय का, हे कुणीच विचारलं नव्हतं. तुम्ही विचाराल म्हणून मी वाट पाहत होते.

निघायच्या दिवशी माझी वळकटी तुम्हीच बांधलीत. कचेरीतले कागद रुमालात बांधून ठेवण्यात तुमचा जन्म गेला; गाठ अशी, की एक टोक ओढलं की कापड मोकळं. नव्या कारकुनाने निरगाठ मारली तर "गुरं बांधतोस काय रे?" म्हणून त्याला झापायचात. नाशिकरोडला गाडी आली. "जा. पत्र टाक," एवढंच म्हणालात. पुण्याला वळकटी सोडायला बसले तर गाठ हलेना. खोलीतल्या मुलींनी नखं मोडून घेतली, शेवटी विळीवर धरून दोरी कापली. "कुणी गं बांधली ही?" एकीने विचारलं. निरगाठ होती, तात्या, तुमच्या हातची.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात. मी शिकले, पुष्कळ पोरींना शिकवलं, लोकांनी मान दिला. तुमचं बरोबरच होतं, ते मी कधी नाकारलं नाही. तरी या वयातही तुमची आठवण आली की ताट तसंच बाजूला सारते. हे पत्र आता टाकू कुठल्या पत्त्यावर? राहू दे उशीखालीच. एकच सांगते. गाडी सुटताना तुम्ही नुसतं "राहा" म्हणाला असतात, तर मी उतरले असते. मग जन्मभर तुमच्यावर चिडले असते. पण तेही मला चाललं असतं. दिवाळीपर्यंत तरी तुमच्याजवळ असते.