श्रवणतळ्याकाठचे पाणी

॥ श्री ॥
पांढुर्णा, ता. ९ जानेवारी १९५७

प्रिय मित्र रामाजी यास,
पुंडलिकचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

परवा सोमवारी सकाळी शाळेत गेल्यागेल्या मी भिंतीवरचा जुना नकाशा उतरवला. नव्या मध्य प्रदेशाचा नकाशा आला आहे. स्टुलावर चढून तो टांगला आणि सवयीने आधी नागपूर शोधले. ते सीमेच्या पलीकडे, नुसत्या पांढऱ्या कागदावर. म्हणजे तू आता मुंबई राज्याचा झालास आणि आम्ही भोपाळचे. तुझी संत्री आता परराज्यात विकली जातात, हे मुलांना कसे शिकवावे कळेना.

मग बोट उजवीकडे सरकत मंडला जिल्ह्यात गेले. कान्हाचे जंगल दोन वर्षांपूर्वी राष्ट्रीय उद्यान झाले. लांबून लोक वाघ आणि बारशिंगे पाहायला येतात म्हणे. माझे बोट तिथेच राहिले. मुले उभी होती, त्यांना बसा म्हणायचेही सुचले नाही.

कारण आदल्या दिवशी सौसरहून छायाचे पत्र आले होते. तिच्या वडिलांच्या, आमच्या यशवंतरावांच्या, उरलेल्या डोळ्यात काचबिंदू वाढला आहे. उन्हाळ्यापर्यंत दिसेल तेवढे दिसेल, पुढचे देवाच्या हाती, असे डॉक्टर म्हणाले. त्यांची पत्रे आता छायाच लिहिते आणि आलेली वाचून दाखवते. मनकर्णा भावाच्या काळजीने दोन दिवस नीट जेवली नाही.

रामाजी, पंचवीस वर्षांत आपण दोघांनी जे तोंडातून काढले नाही ते आज लिहितो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत रोवलेल्या झाडासाठी दोन्ही काठ एकमेकांवर गोटे फेकतात, त्या वर्षीच्या त्या गोटमारीला मी पांढुर्ण्याच्या काठावर, तुझ्या शेजारी उभा होतो. नवा जावई. पलीकडे सावरगावच्या काठावर माझा मेहुणा. यशवंतराव मोठ्याने ओरडले की भाऊजींनी पोथी वाचावी, गोटा उचलणे त्यांच्याने व्हायचे नाही. सगळा काठ हसला. मला राग आला, मी न पाहता आवाजाच्या दिशेने गोटा फेकला. त्यांचा डावा डोळा गेला. आठ दिवसांनी ते जंगलखात्यात नाकेदार म्हणून मंडल्याकडे रुजू होणार होते. एका डोळ्याच्या माणसाला खात्याने घेतले नाही. जन्मभर कापसाच्या जिनात कारकुनी केली. आणि नेम तुझा चांगला म्हणून त्यांनी मनात तुझे नाव धरले. तू पाहिले होतेस, तरी बोलला नाहीस.

मी ठरवले आहे. दृष्टी आहे तोवर त्यांना कान्हाला न्यायचे आणि तिथे सांगायचे. पत्रात लिहिता येत नाही. ते पत्र छाया वाचून दाखवील. पोरीच्या तोंडून बापाला हे ऐकू येऊ नये.

घरी सर्वांस नमस्कार. आजवर केलीस तशीच माया पुढेही ठेव.
तुझा
पुंडलिक

—

इतवारी, नागपूर, ता. १६ जानेवारी १९५७

पुंडलिक मास्तरास रामाजीचा राम राम.

तुझे पत्र दुकानात संत्र्यांच्या पेटीवर बसून दोनदा वाचले. मुंबई राज्यात गेलो म्हणून इतवारीतून समुद्र काही दिसून नाही राहिला. तीच धूळ, तेच हमाल. तेव्हा तू मले परका म्हणू नको.

पण बाप्पा, हे खूळ आताच कायले काढून राहिला? आपल्याकडचा कायदा तुले मी शिकवू? नदीतले पळसाचे झाड निघाले, चंडीमातेला वाहिले, की गोटा नदीचा झाला. कोणाचा होता हे मारणारा सांगत नाही आणि खाणारा विचारत नाही. म्हणून तर दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांची सोयरीक टिकते. यशवंतानेही कधी विचारले नाही. मनात धरले, तर धरू दे. माझे काय गेले? त्याच्या घरची दोन जेवणे.

तू सांगशील तर काय होईल तेही पाहा. मनकर्णाबाईचे माहेर तुटेल. आंधळा होऊन राहिलेल्या माणसाला शेवटी काय दिसावे, तर बहिणीच्या नवऱ्याचा गोटा?

एक मात्र खोटे नाही लिहीत. मागल्या हंगामात बागा पाहायला सौसरला आलो होतो. उन्हात यशवंताच्या ओसरीवर टेकलो. छाया पाण्याचा गडवा घेऊन आली. त्याने तिला आवाज देऊन आत बोलावले, गडवा तसाच परत गेला. तेवढे लागले. बाकी काही नाही.

वाघ पाहायचा तर पाहून ये. तोंड बंद ठेव. जमल्यास लोभ, नाहीतर निदान दर आठवड्याला एक शिवी पाठवत जा.
रामाजी

—

॥ श्री ॥
पांढुर्णा, ता. २२ जानेवारी १९५७

रा. रा. यशवंतराव यांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

चि. छायाचे अक्षर आता तुमच्यापेक्षा चांगले झाले, हे तिने तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवावे.

आपण दोघांनी मार्चमध्ये कान्हाला जायचे, हे मी ठरवले आहे. विचारत नाही, कळवतो आहे. मी मोटारीने सौसरला येईन. तिथून छोट्या गाडीने छिंदवाडा, मग नैनपूर, तिथे गाडी बदलून चिरईडोंगरी. पुढे मोटार मिळेल, नाहीतर बैलगाडी. मंडल्याला जंगलखात्याच्या साहेबांना हिंदीत अर्ज पाठवला असून डाकबंगल्यातली एक खोली मागितली आहे. पांघरुणे, शिधा, कंदील आपला न्यायचा.

तिथल्या एका तळ्याला श्रवणतळे म्हणतात असे कळले. दशरथाचा बाण श्रवणबाळाला तिथेच लागला, अशी तिकडच्या लोकांची श्रद्धा आहे. मला तेही पाहायचे आहे.

मनकर्णेने तुमच्यासाठी मेथीचे लाडू बांधायला घेतले आहेत. आता नाही म्हटलेत तर तिला उत्तर द्या.

तुमचा स्नेह माझ्या लायकीपेक्षा जास्त मिळाला आहे. तो असू द्यावा.
आपला
पुंडलिक

—

सौसर, ता. ३ फेब्रुवारी १९५७

तीर्थस्वरूप भाऊजींस,
यशवंताचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र पोचले. भाऊजी, तुम्ही पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावताना दूर उभे राहता आणि वाघाच्या जंगलात नेण्याच्या गोष्टी करता! वाघ आलाच तर तुम्ही डोळे मिटून रामरक्षा म्हणाल, मला धुके दिसेल. मग त्याला पाहील कोण? तेव्हा हा बेत सोडा. ताईला सांगा, लाडू टपालाने पाठव.

तरी सहज विचारतो. बारशिंग्यांची शिंगे मार्चमध्ये असतात की गळून पडतात? डाकबंगला सालाच्या झाडीत आहे की मैदानाकडे? साहेबाचे उत्तर आले तर कळवावे. घाई नाही.

एक गोष्ट तुमच्यापाशी बोलतो. डोळा गेला याचे मी कधी रडलो नाही. गोटमार आहे, लागायचेच. ज्याने मारले त्याचे नावही मी घेतले नाही आणि घेणार नाही. पण परवा मनात आले, त्या माणसाने एकदा येऊन नुसते सांगितले असते, तर मी त्याला बसायला पाट दिला असता. तो ओसरीवर येऊन संत्र्यांचे भाव बोलला. असो.

वडीलकीचा हात डोक्यावर असावा.
यशवंत

ता. क. मामाजी, हे मी छाया माझ्या मनाने लिहिते. बाबा नाही म्हणतात, पण नाकेदारीच्या नेमणुकीचा जुना कागद त्यांनी पेटीतून काढला आहे आणि रोज उजेडात धरतात. बूटही दुरुस्तीला दिले आहेत. तुम्ही याच. आत्याबाईंना नमस्कार.

—

॥ श्री ॥
पांढुर्णा, ता. १४ मार्च १९५७

प्रिय रामाजी यास,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

निवडणुकीच्या कामात आम्हा मास्तरांना जुंपले होते, म्हणून पत्रास उशीर झाला. साहेबांकडून परवानगी आली, रजा मिळाली. बुधवारी निघतो.

तुझे म्हणणे मी दोन महिने मनात घोळवले. रोज पूजेला बसलो की तुझा तो परत गेलेला गडवा समोर येई. यशवंतराव लिहितात, त्या माणसाने येऊन सांगितले असते तर पाट दिला असता. तो माणूस म्हणजे तू, असे ते समजतात. आता गप्प बसलो तर ते आंधळे होतील आणि तू त्यांच्या अंधारात कायमचा गुन्हेगार राहशील. कायदा मी पाळला म्हणतोस. मी कायद्याच्या आड लपलो, रामाजी.

काल मनकर्णेला आधी सांगितले. ती ज्वारी निवडत होती. सूप खाली ठेवले नाही, पण हात थांबला. म्हणाली की पंचवीस वर्षे मी भावाच्या पानात तुमच्या हाताने वाढवून घेतले. मग तिने विचारले की कधी सांगणार. मी म्हटले, पोचल्यापोचल्या. तेव्हा ती चिडली. आधी त्याला पोटभर पाहू द्या, स्वतःचा जीव हलका करायला त्याच्या नजरेच्या आड येऊ नका, असे बजावले. शेवटच्या दिवशी सांगा, आणि सांगितल्याशिवाय या घरात येऊ नका. हे मी शब्दशः लिहितो.

रात्री तिने लाडवांचा डबा बांधला.

रागावलास तरी माझा हात सोडू नको.
पुंडलिक

—

॥ श्री ॥
नैनपूर स्टेशन, ता. २६ मार्च १९५७

प्रिय रामाजी यास,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

गाडीला वेळ आहे, म्हणून बाकावर बसून लिहितो. यशवंतराव शेजारच्या बाकावर आहेत, माझ्याकडे पाठ करून. आम्ही शनिवारी तुझ्याकडे येत आहोत. छिंदवाड्याला दोन दिवस थांबू, त्यांना फार थकवा आहे. मी सौसरची तिकिटे काढायला निघालो, तेव्हा ते कालपासून प्रथमच बोलले. तिकिटे थेट इतवारीची काढा, आधी रामाजीच्या घरचे पाणी पिईन, मग भाऊजींचे काय करायचे ते पाहीन, असे म्हणाले. तेव्हा पाणी भरून ठेव. कालपासून त्यांनी माझ्या सुरईतले घेतलेले नाही. स्टेशनच्या नळावर स्वतः चाचपडत जातात. मी मागे उभा राहतो, हात देत नाही.

आता तिथले लिहितो. डाकबंगल्यावर दोन दिवस मिळाले. मोहाची फुले पडू लागली आहेत, सकाळी सगळीकडे गोडसर वास असतो. एक म्हातारा गोंड नाकेदार आमच्याबरोबर फिरला. यशवंतरावांनी त्याच्याशी असे काही बोलणे काढले की जणू दोघांनी एकाच चौकीवर नोकरी केली होती. पाणवठ्याच्या चिखलातला वाघाचा पंजा त्यांनी बोटांनी मापला आणि मादी आहे, असे सांगितले. नाकेदाराने त्यांना सलाम केला. मी तोंड फिरवले. वाघ दिसला नाही, त्याचे दोघांनाही काही वाटले नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मैदानात बारशिंगे आले. साठ तरी असतील. यशवंतरावांनी डोळ्यावर हाताचा आडोसा धरला आणि बराच वेळ हलले नाहीत. शिंगे आहेत, अजून गळली नाहीत, एवढेच पुन्हापुन्हा म्हणत होते. मी मोजत होतो, त्यांनी मला गप्प केले. त्या वेळी वाटले, राहू द्यावे. एवढे सुख पाहिल्यावर कुठला माणूस तोंड उघडील? तुझे शब्दही आठवले. पण घराचा उंबरठाही आठवला, आणि तुझा गडवा.

काल सकाळी श्रवणतळ्यावर गेलो. नाकेदार मागे झाडाखाली थांबला. तळ्यावर धुके होते, पाणी अगदी शांत. यशवंतराव काठाच्या दगडावर बसले आणि मला म्हणाले की भाऊजी, मला आता तुम्हीच सांगा, काय काय दिसते ते. मी सांगू लागलो. बगळे, कमळाची पाने, पलीकडच्या काठावर एक हरिणी आणि तिचे पाडस. सांगतासांगता माझ्या लक्षात आले, इथेही दोन काठ आहेत. मी खाली उतरलो, तांब्या भरला आणि त्यांच्यासमोर ठेवला, हातात दिला नाही. दशरथाने पाणी नेले होते, पण पाण्याआधी स्वतःचे नाव सांगितले होते. तेवढे मी पोथीतून शिकलो आहे, इतक्या वर्षांनी.

आणि मी सांगितले. तो गोटा रामाजीचा नव्हता. त्याने पाहिले आणि माझ्यासाठी तो गप्प राहिला. पोथी वाचा म्हणालात, तो आवाज धरून मी फेकला. तुमचा डोळा आणि तुमची ही नोकरी माझ्या हाताने गेली.

तुझ्या लोभावर माझा हक्क उरला असेल, तर शनिवारी दारात उभा राहा.
पुंडलिक