परतीचा डबा

३ फेब्रुवारी, सोमवार
मरोळ गावठाणातली ही खोली झकास आहे. पहिला मजला, खिडकीबाहेर जांभळाचं झाड, खाली कोपऱ्यावर क्रूस आणि त्याला झेंडूचा ताजा हार. मुलुंडपेक्षा इथली हवा बरी, असं मिहिरला फोनवर सांगितलं, तर म्हणतो, बाबा, सहलीला गेलायत का? घशातल्या गाठीत आज पहिलं इंजेक्शन दिलं. त्यात औषध नाही, विषाणू आहे. साध्या सर्दीचाच, पण प्रयोगशाळेत बदललेला. तो म्हणे कॅन्सरच्या पेशींतच वाढतो आणि त्यांनाच फोडतो. आयुष्यभर वर्गात ओरडून घसा बसवला, आता त्यात सर्दी पाळायची! घरी तान्हा नातू, म्हणून गाठ विरघळेपर्यंत मी इथे एकटा. डॉ. शर्मिष्ठांनी बजावलंय, कुणाला भेटायचं नाही आणि माझ्या हातची कुठलीही वस्तू बाहेर जाता कामा नये. कचरासुद्धा हॉस्पिटलची माणसं वेगळा नेतात.

६ फेब्रुवारी
शेजारी कॉन्सेप्टा आंटी एकट्याच असतात. मुलगी यव्होन परदेशात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारून विचारतात, काय रे मास्तर, जेवलास का? दिवसभरात माझ्याशी कुणी बोलतं ते एवढंच. आज माझ्या दाराच्या बाहेरच्या कडीला स्टीलचा डबा अडकवून गेल्या. आत फुगे होते, त्यांच्याकडचे तळलेले गोल गोळे, गरमागरम. खाताना डोळ्यांत पाणी आलं. तिखट मुळीच नव्हते.

९ फेब्रुवारी
आंटी डबा मागतायत. नियम सांगितला, तर हसल्या. डब्याला कसली रे सर्दी होते? मलाही नाही म्हणवेना. नाही म्हटलं आणि त्यांनी हाक मारणंच बंद केलं तर? साबणाने खसाखसा घासला. रिकामा डबा परत देणं आमच्या घरात कधी झालं नाही, म्हणून मूठभर साखर घातली. सवयीने बोट चाटलं आणि त्याच बोटाने साखर सारखी केली. लक्षात आलं तेव्हा आंटींनी डबा कडीवरून नेला होता.

१३ फेब्रुवारी
गाठ बोटाला लहान लागते! डॉक्टर खूश. मिहिरने व्हिडिओ कॉलवर बाळ दाखवलं. दोन दात आलेत. भिंतीपलीकडे आंटी खोकतायत.

१५ फेब्रुवारी
आंटी म्हणाल्या, घशात काहीतरी गोल अडकलंय रे. मी हादरलो. डॉक्टरांना फोन करून डब्याचं सगळं सांगितलं. डबा कधी दिला ते त्यांनी तारखेसकट लिहून घेतलं. मग म्हणाल्या, यातून कुणाला गाठ होऊच शकत नाही, तरी आम्ही त्यांना तपासायला नेतो. ॲम्ब्युलन्समध्ये चढताना आंटींनी वर बघून मला हात केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१८ फेब्रुवारी
आंटी हॉस्पिटलातच गेल्या. यव्होन अजून वाटेत आहे. शेजारच्या दाराला कुलूप. माझाही आवाज पार गेलाय. डॉक्टर म्हणतात सूज आहे, उतरेल. तसाही बोलणार कुणाशी?

१९ फेब्रुवारी
भरदुपारी कडी वाजली. दाराला डबा. तोच. आत माझी साखर, ओली झालेली. जिन्यात कुणी नाही. शेजारी कुलूप तसंच.

२० फेब्रुवारी
गाठ नाही. तपासणीत काहीच नाही, डॉक्टर म्हणतात घरी जा. मिहिर उद्या न्यायला येतोय. बाळाला उचलून घेणार मी—
आत्ता कडी वाजली. पुन्हा डबा. जड. गरम. हलवला की आत काहीतरी गडगडतं. एकच. गोल. उघडला नाही. जिन्यात ठेवून दार लावलं. आंटीसुद्धा रिकामा डबा परत करणाऱ्यातल्या नव्हत्या—

२१ फेब्रुवारी
दार उघडत नाही. कडी बाहेरून लागलीय.
मिहिर आलाय. बाळ कडेवर, हसणं ऐकू येतंय. म्हणतोय, बाबा, कडीत डबा अडकवलाय, गरम आहे, तुमचे ते फुगे का? काढतो आणि—
आवाज फुटत नाही. दार बडवतोय, त्याला वाटतंय मी घाई करतोय. हे पान फाडून खालून सरकवतो.

मिहिर, उघडू नकोस. बाळाला लांब धर. त्यात माझी गाठ— झाकण वाजलं— त्याचा हात धर, त्याला तोंडात घालू देऊ