यजमानाच्या खुर्चीची कायमची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, धंदा पूर्वी लॉन्ड्री व हल्ली यजमान समाज, राहणार लॉन्ड्रीच्या वरच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, चष्मा लावून आणि कोणाचेही न ऐकता लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा समोरच्या दातांच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ते म्हणाले, "मावशी, अहो मी दातांचा डॉक्टर." मी म्हटले, "मग दात काय पायात असतात?" तेव्हा दिला.

हृदयाच्या डॉक्टरांनी जिने चढू-उतरू नका असे बजावले आहे. लॉन्ड्री खाली आणि मी वर, त्यामुळे माझे काही खरे नाही. यापूर्वी केलेली मृत्युपत्रे, मग ती रागाच्या भरात केलेली असोत की पुतण्याच्या लाडात, सर्व रद्द समजावीत.

धंद्यापुढे यजमान समाज असे का लिहिले, ते आधी सांगितले पाहिजे. घरोघरी वॉशिंग मशीन आली आणि आमची लॉन्ड्री बसली. पाठोपाठ आमचे हे गेले. मी वर एकटी, खाली मोठमोठी मशीन झाकून ठेवलेली. अशात एक दिवस निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या मॅडम आल्या. लढाईतून पळून आलेली माणसे तेव्हा गल्लीच्या टोकाच्या गोदामात राहत होती. त्यांना कपडे धुवायला आणि बायकांना शिवणकाम करायला जागा हवी होती. मी भाड्याने दिली. अनुदानही मंजूर झाले, पण अनुदानवाल्यांची एक अट होती. नुसती निर्वासितांना मदत केली की शेजारीपाजारी रुसतात, म्हणून निम्मा उपयोग शेजाऱ्यांना झाला पाहिजे आणि प्रत्येक कार्यक्रमाला ते हजर पाहिजेत. या शेजाऱ्यांना अनुदानवाले यजमान समाज म्हणतात.

मॅडम गल्लीभर फिरल्या. दातांच्या डॉक्टरांना पेशंट होते, कोपऱ्यावरच्या मास्तरांना गुडघे होते, बाकीच्यांना काहीच नव्हते पण तेही आले नाहीत. मी तेवढी रोज खाली जात होते, आवाजाची तक्रार करायला. मॅडम म्हणायच्या, "मावशी, आलाच आहात तर एक सही करून जा." मला वाटायचे तक्रार लिहून घेताहेत. वर्षाअखेरीस अहवाल छापून आला, त्यात लिहिले होते की यजमान समाजाचा सहभाग उत्साहवर्धक आहे. तो सहभाग म्हणजे मी. रोज भांडायला गेले आणि रोज हजेरी लागली.

तेव्हापासून या गल्लीत यजमान समाज म्हणजे मी एकटीच. आता व्यवस्था.

कलम पहिले. पुतण्या. माझा पुतण्या जागांची दलाली करतो. मला भेटायला आला की आधी भिंतींना भेटतो. त्याच्या काकांच्या तेराव्याला त्याने जिन्याची रुंदी घेतली होती. मागच्या खेपेला म्हणाला, "काकू, खाली मस्त जिम होईल बघा." मी म्हटले, "आधी मला मरू दे, मग उड्या मार." त्या दिवशी तो आपली मोजपट्टी इथेच विसरून गेला. ती मोजपट्टी मी त्याला कायम मालकी हक्काने परत करते. बँकेत जे काही असेल तेही त्याचेच, कारण आजारपणात दवाखान्यात रात्रभर बाकावर तोच बसला होता आणि हे मी विसरलेले नाही. घर मात्र त्याला मिळणार नाही. घर वाडवडिलांचे नाही, आमच्या दोघांच्या कमाईचे आहे. त्याचे मी काय वाटेल ते करीन, त्याने कोर्टाची पायरी चढू नये.

कलम दुसरे. जिनसा. निम्मे म्हणजे निम्मे, असे अनुदानवाले धरून बसले. छत्र्यांचे खोके आले की निम्म्या छत्र्या निर्वासितांना आणि निम्म्या यजमान समाजाला, म्हणजे मला. ब्लँकेटे आली, निम्मी मला. लहान मुलांचे लंगोट आले, तेही निम्मे मला. मी म्हटले, "अहो, या वयात?" मॅडम हात जोडून म्हणाल्या, "मावशी, न्या हो, नाहीतर हिशोब जुळत नाही." मी वर नेत असे आणि दुसऱ्या दिवशी खाली नेऊन ज्याला हवे त्याला देत असे. लंगोटांपैकी काही मी ठेवले. काच पुसायला त्यांच्यासारखे दुसरे फडके नाही. ते फडके आणि उरलेल्या छत्र्या दातांच्या डॉक्टरांना द्याव्यात. छत्रीवर 'एकमेकांना आधार देऊ' असे छापले आहे. ती घेऊन त्यांना गल्लीतून चालावे लागेल, एवढी शिक्षा पुरे.

कलम तिसरे. प्रमाणपत्रे. यजमान समाज म्हणून मला सायकल दुरुस्ती, प्रथमोपचार, ताणतणावावर मात आणि आपल्याच भाषेचा प्राथमिक वर्ग, एवढे सगळे करावे लागले. भाषेचा वर्ग नवीन आलेल्यांसाठी होता, पण यजमान समाजाशिवाय वर्ग भरवता येईना. परीक्षेत बाईंनी मला सांगितले, "बसस्टॉप कुठे आहे ते नम्रपणे विचारा." मी म्हटले, "विचारू कशाला? मला माहीत आहे." शून्य मार्क. माझ्या मातृभाषेत माझा दुसरा नंबर आला. पहिला नंबर शिंपीणबाईचा, तिचे कलम पुढे आहे. तिने बसस्टॉप असा गोड विचारला की बाई तिला सोडायला निघाल्या होत्या.

हा निकाल मला आजही मान्य नाही. प्रमाणपत्रे सगळी रद्दीत द्यावीत. भाषेचे तेवढे फ्रेम करून मास्तरांच्या दिवाणखान्यात लावावे, म्हणजे त्यांना माझी आठवण येऊन राग येत राहील.

कलम चौथे. शिंपीणबाई आणि दोरी. शिंपीणबाई म्हणजे लॉन्ड्रीतल्या शिवणकामाची मुख्य. ती आली तेव्हा तिच्या डोक्यावर शिलाई मशीन होते, पायात दोन वेगळ्या चपला होत्या आणि तोंडात एकही ओळखीचा शब्द नव्हता. पहिल्याच दिवशी तिने माझ्या अंगणातल्या माझ्या दोरीवर आपल्या चादरी टाकल्या. मी काढल्या. तिने पुन्हा टाकल्या. मी माझ्या भाषेत बोलले, ती तिच्या भाषेत बोलली. कोणाला काही कळले नाही, पण कोणी कमी पडले नाही. भांडता भांडताच ती आपली भाषा शिकली आणि श्रेय नेले वर्गाने. माझ्या दवाखान्याच्या दिवसांत लॉन्ड्री तिनेच उघडली आणि तिनेच बंद केली. मी परत आले तेव्हा माझे सगळे कपडे इस्त्री करून ठेवले होते आणि दोरीभर तिच्याच चादरी होत्या. सध्या तिच्या हाताखाली आठ-दहा बायका आहेत, काही तिकडच्या, काही पलीकडच्या गल्लीतल्याही, आणि त्यांच्या चुली त्या मशीनांवर चालतात.

दोरी माझी आहे. हे मी मरतानाही म्हणणार.

कलम पाचवे. घर, लॉन्ड्री आणि खुर्ची. खरी काळजी इथे आहे. मी गेले की यजमान समाज संपला. अनुदानवाल्यांचा नियम असा की यजमान नाही तर अनुदान नाही, आणि अनुदान नाही तर मशीन बंद. यायचा बुधवार पाहणीचा आहे. अनुदानवाल्यांचे पाहणीसाहेब आले की मी लॉन्ड्रीच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसते. तीत दुसरे कोणी बसू नये म्हणून मॅडमनी पाठीवर जाड पेनाने 'यजमान' लिहिले आहे. माझ्यामागे त्या खुर्चीत कोण बसणार, या विचाराने मॅडमच्या तोंडचे पाणी पळाले आहे. त्यांनी पुन्हा गल्लीभर फिरून पाहिले. मास्तरांना अजूनही गुडघेच आहेत.

उत्तर मला मागच्या महिन्यात मिळाले. दुसरीकडे कुठे तरी पुन्हा काही पेटले आणि गोदामात नवीन माणसे आली. एका सकाळी शिंपीणबाई धाडधाड जिना चढून वर आली. चेहरा लालबुंद. म्हणाली, "मावशी, तुम्ही काही बोलणार आहात की नाही? ही नवीन माणसं कपडे पिळतसुद्धा नाहीत, तसेच टाकतात दोरीवर! सगळं अंगण ओलं. नळ उघडा ठेवून गप्पा मारतात. आपल्या गल्लीत पूर्वी असं नव्हतं!"

मी तिच्याकडे बघतच राहिले. आपल्या गल्लीत. पूर्वी. मला आनंदाने गहिवरून आले, पण मी तोंड वाकडेच ठेवले. म्हटले, "मग तूच सांग जाऊन." ती गेली. मी खिडकीतून पाहिले. तिने त्या नवीन बाईला चांगले फैलावर घेतले, मग तिच्या हातातली चादर घेऊन दोघींनी दोन टोके धरून पिळली, मग आपल्या खिशातले चिमटे तिला दिले, मग तिच्या पोराला बिस्कीट दिले, आणि मग पुन्हा नळावरून बोलली.

मी मॅडमना बोलावले. म्हटले, "तुमचा यजमान सापडला." त्या म्हणाल्या, "मावशी, पण त्या तर निर्वासित." मी म्हटले, "तुमच्या कागदात यजमान कोणाला म्हणतात ते वाचा बघू." त्यांनी वाचले. निर्वासित येण्याआधीपासून जो त्या ठिकाणी राहतो तो. "मग? या नवीन माणसांच्या आधीपासून ती राहत नाही का?" मॅडमनी डोके खाजवले, पुन्हा वाचले आणि म्हणाल्या, "अहो, बसतंय की!"

सबब, वरच्या दोन खोल्या आणि खालची लॉन्ड्री, मशीन व इस्त्रीच्या टेबलांसह, तसेच 'यजमान' लिहिलेली खुर्ची मी शिंपीणबाईला कायम मालकी हक्काने देते. अटी पुढीलप्रमाणे. कपडे धुवायला वा शिवायला एक जरी माणूस येत असेल तोवर खालची जागा संस्थेकडेच राहावी. पाहणीच्या दिवशी खुर्चीत ताठ बसावे, साहेबांसमोर फार गोड बोलू नये, नाहीतर त्यांना वाटेल यजमान खोटा आहे. आवाज, नळ, चपला आणि दोरी यांवर रोज तक्रार करावी. आणि दार वाजले की आधी उघडावे. मी पहिल्या दिवशी तिला दाराच्या फटीतून "कोण पाहिजे?" एवढेच विचारले होते. तसे करू नये. कुरकुर करावी, पण दार उघडून, माणसाला आत घेऊन, बसवून मग करावी. तीच यजमानाची खरी पद्धत आहे आणि ती मला उशिरा जमली.

या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी संस्थेच्या मॅडमना नेमते. त्यांनी त्याचा अहवाल लिहू नये.

जास्तीचे कलम. वरील मजकूर पुरा झाला तोच शिंपीणबाई वर आली. तिला काही कळू द्यायचे नव्हते, पण दाखला मागताना मी दातांच्या डॉक्टरांना सगळे सांगून बसले होते आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही. ती दारातच उभी राहिली. मग डोळे पुसत म्हणाली, "त्या खुर्चीचा डावा हात मोडलाय."

"मग दुरुस्त कर," मी म्हटले.

"आणि दोरीचं काय? ती कोणाला?"

"दोरी माझी आहे."

"बरं," ती म्हणाली. "बुधवारी पाहणी आहे. आम्ही तुम्हाला खुर्चीसकट उचलून खाली नेऊ आणि वर आणू. मी एकटी नाही बसणार तिथे. मला अजून तुमच्यासारखं वाकडं बोलता येत नाही. शिकवा आधी."

तिला नीट शिकवायचे तर एक बुधवार पुरणार नाही. सबब हे मृत्युपत्र तिला वाकडे बोलता येईपर्यंत अमलात येऊ नये. तोवर मला मरायला सवड नाही.

सही: लॉन्ड्रीवाल्या मावशी, यजमान समाज (सध्या तरी)

साक्षीदार पहिले: दातांचे डॉक्टर, समोरचे. जी सही वाचता येत नाही ती त्यांची.

साक्षीदार दुसरे: पोस्टमन. पत्र द्यायला आले होते, आलेच आहेत म्हणून सही घेतली.

ठिकाण: वरची खोली, खिडकीजवळ, जिथून दोरी दिसते.

दिनांक: पाहणीच्या आधीचा सोमवार. दोरीवर चादरी आहेत, माझी एकही नाही.