हॉर्नचं बटण

उस्मानपुरा,
१४ मे २०१९

प्रिय युसरा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच बाजूला ठेवशील अशी धास्ती आहे. फोडलं असशील तर आधी बातमी ऐक. आपला ‘टँकर’ पुन्हा चालू झालाय, आणि या वेळी खेळणारे तो सोडायला तयार नाहीत. पंधरा दिवसांपूर्वी आपल्या कॉलेजातल्या सहा मुलींना फोनवर टाकून दिला. तीन वर्षांपूर्वी असाच दिला होता, तेव्हा चौथ्या दिवशी सगळ्यांनी काढून टाकला होता. या सहा जणींपैकी एकीनंही अजून काढलेला नाही. त्यातली सई तर रोज नवी तक्रार घेऊन येते, आणि तिची तक्रार ऐकताना आनंदानं मला खुर्चीत बसवत नाही.

सोळा सालच्या उन्हाळ्यात आपण दोघी या खोलीत किती खूश होतो. मी प्रोग्रॅम लिहायचे, तू चित्रं काढायचीस. टँकर भरायचा आणि घाटातल्या गावात न सांडता पोचवायचा, एवढाच खेळ. लोक कंटाळले तेव्हा तू म्हणालीस, नवी माणसं आणू. तोच तो ड्रायव्हर किती दिवस बघतील? मी म्हणाले, माणसं बदलून काही होत नाही, खेळायची रीत बदलायला हवी. त्यावरून जे झालं ते झालं, आणि तू हैदराबादला गेलीस. मी हट्टानं रीतच बदलत बसले. खड्डे टाकले, टाकी गळकी केली, चढावर इंजिन तापवलं. प्रत्येक करामतीची दोन दिवस मजा, तिसऱ्या दिवशी पुन्हा जांभया.

मी आता चिकलठाण्याला एका कारखान्यात नोकरी करते. तिथं आजूबाजूला बारा-बारा मजली इमारती उठल्यात, नळाचा पत्ता नाही, म्हणून दिवसभर टँकरची रीघ असते. आमच्याकडे पाणी आणणारे कडुबा म्हणून पन्नाशीचे ड्रायव्हर आहेत. एकदा टाकी रिकामी होईपर्यंत त्यांना आपला खेळ दिला. पाच मिनिटं खेळले आणि फोन माझ्या हातात देत म्हणाले, “ताई, गाडी झकास पळती. पण हितं कोण कुणाची वाट बघत नाय.” मला राग आला. रागातच विचारलं, मग खरं कसं असतं? ते म्हणाले, “मी एप्रिलपासून कन्नडकडं गावांना पाणी देणारंय. या की एखाद्या रविवारी.”

गेले. सकाळी कन्नडला एसटीनं उतरले आणि त्यांच्या टँकरमध्ये बसले. डोंगर चढताना एका वळणावर त्यांनी गाडी थांबवली आणि एकदाच लांब हॉर्न दिला. आजूबाजूला चिटपाखरू नाही. मी विचारलं, कुणासाठी? त्यांनी वर टेकाडावरचं एकुलतं एक घर दाखवलं. “आवडाबाईसाठी. गुडघे गेलेत तिचे. वर गाडी चढत नाय. हितून वाजविला तर फक्त तिलाच ऐकू जातं, अन् ती सगळ्यांच्या आधी खाली उतरती. थोडं पुढं जाऊन वाजविला की अख्खं गाव पळतं. मग ती मागं ऱ्हाती, अन् तिचा नंबर येईस्तोवर पाणी संपतं.” आम्ही गावात पोचलो तेव्हा ती खरोखरच ड्रमांच्या रांगेत पहिली उभी होती, धाप लागलेली, हातात घागर. कडुबांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनीही पाहिलं नाही.

युसरा, आपल्या खेळात हॉर्नचं बटण पहिल्या दिवसापासून होतं. नुसतं वाजायचं. परतीच्या एसटीत मी तिकिटाच्या मागं लिहायला लागले ते घर येईपर्यंत. आता टेकाडावर एक म्हातारी राहते. हॉर्न लवकर वाजवला तर तिला ऐकू जात नाही, उशिरा वाजवला तर गाव आधी धावतं. पहिल्या दिवशी सई भरधाव गावात गेली, पाणी वाटलं आणि जिंकले असं वाटून थांबली, तर म्हातारी रिकामी घागर घेऊन टेकाड चढताना दिसली. सईनं तीनदा पहिल्यापासून खेळ सुरू केला. आता विचारते, पलीकडच्या गावात कोण राहतं? आता तूच सांग, हे नवं पात्र की नवी रीत? मी पंधरा दिवस डोकं खाजवतेय. म्हातारीशिवाय हॉर्नला अर्थ नाही, आणि हॉर्नशिवाय म्हातारी नुसतं चित्र.

नुसतं चित्र. त्या दिवशी मी तुला याहून वाईट बोलले होते. तुझी चित्रं म्हणजे वरची कोथिंबीर, नसली तरी भाजी होते, असं म्हणाले होते. तू सामान आवरलंस. चुकले मी. फोनवर बोलायला लागले की मी आधी माझंच खरं करते, म्हणून लिहितेय.

आता जे लिहायला बसले ते. ती म्हातारी तुझ्या हातची आहे. जाताना तू विसरलेल्या वहीत होती. कमरेत वाकलेली, एक हात गुडघ्यावर. तिला बघितल्यावर मला दुसरी कुठली चालेना, आणि मी तुला न विचारता ती घेतली. परवा मोठ्या कौतुकानं तुझ्या अम्मींना, मेहरुन्निसाखालांना, खेळ दाखवायला गेले. त्यांनी पडद्याला बोट लावलं आणि म्हणाल्या, “ये तो युसरा के हाथ का है. पूछे क्या उसको?” त्यांच्यासमोर मला मान वर करता आली नाही. तुझा पत्ता त्यांनीच दिला. सोमवारी खेळ सगळ्यांसाठी खुला करायचा होता, तो मी थांबवलाय. तू नको म्हणालीस तर म्हातारी काढीन आणि वही तुला पाठवीन. हो म्हणालीस तर सुरुवातीला दोघींची नावं येतील, तुझं आधी. आणि पलीकडच्या गावात कोण राहतं, हे मला अजिबात सुचत नाहीये. ते तू काढ.

तुझीच भांडकुदळ,
सावनी