दुर्बीण, कोट आणि सिरिलमामा

२४ ऑक्टोबर

दुर्बीण पुन्हा धुरकटली! म्हणजे असं मामा म्हणतो. रान ओलंचिंब, टोपीच्या कडेवरून पाणी गळतंय, आणि सिरिलमामा काचा पुसतोय तो पुसतोयच. तेवढ्यात समोरची हरणी निघून गेली. हात हलवत परत.

वर्षानुवर्षं अलास्कातल्या आमच्या अर्ध्या हूना गावाला हरणाचं मटण वाटणारा माणूस हा. आई गेल्यापासून रानात पाऊल टाकलं नव्हतं त्याने. आता तिच्या वर्षाचं जेवण महिन्यावर आलंय. घालायचं आमच्या, म्हणजे आईच्या कुळाने, जेवायचं बाबांच्या कुळाने. पाहुण्यांच्या पानात हरीण नसेल तर गाव नावं ठेवील. आगीत द्यायचा आईचा वाटाही हरणाचाच, तिला तेच आवडायचं. आणि मामाने सगळ्यांसमोर सांगून ठेवलंय — माझ्या बहिणीसाठी हरीण मीच आणणार. दुसऱ्याचं चालणार नाही!

२७ ऑक्टोबर

फेरीबोटीने शहरात, जुनोला. मी दहापट मोठं दाखवणारी दुर्बीण उचलली. दुकानदार म्हणाला, ती उघड्या डोंगरावर ठीक, आपल्या काळोख्या रानात आठपट पुरे. पुढची काच मोठी घ्या, उजेड जास्त येतो, चित्रही कमी थरथरतं. आत वाफ धरणार नाही याची हमी दिली. पटलं, घेतली.

माझ्या पावसाळी कोटापायी मात्र मामाने दुकान डोक्यावर घेतलं. प्रत्येक कोटाची बाही कानाशी धरायची आणि डोळे मिटून चोळायची! प्लास्टिकचे सगळे नापास. "हा घालून गेलीस तर बोटीचं इंजिन बंद व्हायच्या आत हरणं पळतील." शेवटी एक सापडला — तपकिरी, वरून लोकरीसारखा मऊ, आतून पाणी अडवणारा. बाही चोळली, पुन्हा चोळली, आणि हसला. स्वतःचा जुना लोकरी कोट काही सोडत नाही. भिजला तरी ऊब देतो म्हणे. भिजल्यावर मेंढीसारखा वास मारतो, ते नाही सांगत.

२ नोव्हेंबर

काय सांगू! आजवर रान म्हणजे मला नुसती हिरवी भिंत. आज दुर्बिणीचं चाक हळूहळू फिरवलं तर भिंत उघडतच गेली — झाडामागे झाड, त्यामागे आणखी रान. मामा म्हणाला, हरीण शोधू नकोस, हरणाचा तुकडा शोध. उभ्या बुंध्यांमध्ये एक आडवी रेघ दिसली. पाठ! मग कान. हरणीने कान झटकला आणि उडालेले थेंबसुद्धा दिसले मला.

मामाला दुर्बीण दिली. बराच वेळ बघून म्हणाला, हीसुद्धा धुरकटते. मी परत डोळ्यांना लावली. लख्ख होती.

५ नोव्हेंबर

वादळ. बोट काढलीच नाही. डोळ्यांचा विषय काढला की मामा कॉफी आणायला उठतो. दिवसभर कॉफीच चालली आहे.

९ नोव्हेंबर

हे लिहून ठेवायलाच हवं.

मामा सीडरच्या बुंध्याला टेकून पाडसाच्या आवाजाची शिट्टी वाजवत होता. त्या आवाजाला अस्वलंही येतात, म्हणून मी ओढ्यापर्यंत माग बघून आले. परतताना नेचे बाजूला केले — तर समोर बंदूक. माझ्यावरच रोखलेली!

"मामा," म्हटलं. कसंबसं. बंदूक खाली आली.

दोघंही शेवाळात टेकलो. मग तो म्हणाला, "तुझा आवाजच आला नाही, पोरी. तपकिरी काहीतरी हललं. पण डोळा दिसेना, म्हणून थांबलो."

लहानपणापासून आम्हाला हेच शिकवलंय त्याने. डोळा दिसल्याशिवाय गोळी नाही.

"आता कुणाचाच दिसत नाही, देल्फी. एवढी समोर बसलीस, तुझाही नाही."

संताप आला, रडूही आलं. आणि त्याहून मोठं काहीतरी वाटलं. डोळ्यांपुढे एवढं धुकं असून, बहिणीसाठी शब्द देऊन, तरी या माणसाने नियम मोडला नाही! त्याने बंदूक माझ्या मांडीवर ठेवली. मी आजवर डब्यांवर नेम धरलाय, जिवावर कधी नाही.

१६ नोव्हेंबर

मिळालं!

मामाने शिट्टी वाजवली आणि मान खाली घालून ऐकत राहिला. मला पावसाशिवाय काही ऐकू येईना. तो पुटपुटला, दोन आहेत, मागचा नर, आता दगडावर चढतोय. आणि दगडावर नर उभा! ओला, काळसर, कान आमच्याकडे. डोळा दिसला — मोठा, शांत. नजर हलवावीशी वाटेना. गोळी झाडली.

मामाने गुडघे टेकून त्याला आमच्या भाषेत सांगितलं तू कुणासाठी हवा होतास ते, आणि आभार मानले. एवढा जीव गेला, आणि पाऊस तसाच पडत होता.

पहिल्या शिकारीतला घासही आपण खायचा नसतो. बरंच आहे, सगळं पाहुण्यांना जाईल.

२३ नोव्हेंबर

जेवण झालं. मामाने उभं राहून सगळ्यांना सांगितलं, हरीण माझं नाही, भाचीचं. आईचा वाटा आगीत दिला. चरबी तडतडली, ज्वाळा वर गेली. मामा किती वेळ आगीशी बोलत होता.

४ डिसेंबर

जुनो. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे आजकालचं नाही. गेली सहा-सात वर्षं तरी यांना रानातलं हरीण दिसणं शक्य नव्हतं.

बाहेर आल्यावर विचारलं, मग इतकी वर्षं गावाला वाटलीस ती हरणं? बरोबर तर फक्त आई असायची, तीही बोट सांभाळायला.

"बोट मी सांभाळायचो," मामा म्हणाला.