दोन पहिल्या पानांचा पेपर

१२ जानेवारी १९८६, रविवार
ठरलं. साप्ताहिक काढायचं. नाव 'तटस्थ'. मुंबईत पेपरच्या कचेरीत चौदा वर्षं काढलीत. पार्सल खात्यात का होईना, पण गठ्ठे बांधता बांधता वाचायचो.
गावात वरचीवाडी आणि खालचीवाडी यांचं युद्ध पेटलंय. शिमग्यात देवीची पालखी आधी कुठल्या वाडीत जाणार, यावरून. गेल्या साली डोकी फुटली, पोलीस आले, पालखी देवळात कुलपात. अशा युद्धग्रस्त भागात स्वतंत्र पेपर हवाच. बैरूतला निघतात, इथे का नको? शिवाय माझं घर दोन वाड्यांच्या मधल्या व्हाळाशी, ओढ्याच्या काठावर. मी जन्मानेच निःपक्षपाती!
मालनला सांगितलं. म्हणाली, पेपर काढा नायतर कोंबड्या पाळा, पण यंदा देवी दारात आली पायजे. मी मुंबईत काविळीने पडलो होतो तेव्हा तिने नवस केलेला, पालखी दारात आली की फेडायचा. बायकांची नजर उंबऱ्यापुढे जात नाही.

२० जानेवारी
नियम केला. कोणाच्या पडवीत चहा घ्यायचा नाही. चहा म्हणजे पक्षपात.

२४ जानेवारी
वरचीवाडीचे मानकरी रावजी, त्यांच्याकडे बातमीसाठी गेलो. चहा घ्यावा लागला. समतोल राखायला खालचीवाडीचे मानकरी भागोजी यांच्याकडेही घेतला. भागोजी म्हणजे मालनचे वडील. त्यांनी जावई म्हणून दोन कप दिले. परत वर जाऊन एक घेतला. रात्रभर पित्त.

३ फेब्रुवारी
रत्नागिरीत गुलाम रसूलच्या छापखान्यात गेलो. एरवी तो लग्नपत्रिका छापतो. मथळा दिला: 'वरचीवाडी-खालचीवाडी वाद चिघळला'. अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता त्याने विचारलं, महिपतराव, वरची आधी का? घाम फुटला. मग सुचलं. बाराखडीप्रमाणे घ्यायचं! 'ख' आधी, 'व' नंतर. शास्त्रीय तोडगा. यावर कोण बोलणार?

९ फेब्रुवारी
पहिला अंक! अग्रलेखात ठणकावून लिहिलंय: आम्ही ना वरचे, ना खालचे. वरचीवाडीत सगळ्या प्रती हातोहात गेल्या.

१० फेब्रुवारी
चुलीत गेल्या. रावजी म्हणाले, खालच्यांचं नाव आधी छापलंस, सासऱ्याने सांगितलं का? बाराखडी समजावून दिली. ते म्हणाले, बाराखडी कोणी लिहिली? खालच्यांनीच असणार.

२ मार्च
पहाटे पाचला सापडलं! पेपरला दोन पहिली पानं. एका बाजूला वरचीवाडी, पलटला की खालचीवाडी. शेवटचं पानच नाही! जगात कोणी केलं नसेल. गुलाम रसूलला दुपारी सांगितलं. म्हणाला, असलं गिऱ्हाईक मी उभ्या जन्मात बघितलं नाय. बरं वाटलं.

९ मार्च
दुसरा अंक, साप्ताहिकाचा असून महिन्याने, स्वतः वाटला. वरचीवाडीत खालच्यांचं पान वर करून टाकला, खालचीवाडीत वरच्यांचं. नुसता निःपक्षपात छापून भागत नाही, तो वाचायला लावला पाहिजे. मालन म्हणाली, असं नका करू, माणसं पेपर पलटून बघत नायत. वाचक सुज्ञ असतो, मी म्हटलं.

१० मार्च
वाचक सुज्ञ नाही. एकानेही पलटला नाही. सकाळीच दोन्ही वाड्या काठ्या घेऊन माझ्या घरापुढच्या खळ्यात. मी माळ्यावर गेलो. संपादकाने अंतर राखावं. आधी मला शिव्या झाल्या. मग रावजींनी भागोजींना आपली प्रत दाखवली, भागोजींनी रावजींना आपली. दोघांनी पलटून बघितलं. मग रावजी म्हणाले, हा मेला दोघांनाही बनवतो. मग हसणं ऐकू आलं. मालनने चहा केला. सगळ्यांना मिळाला, मी खाली उतरेपर्यंत संपला.

१६ मार्च, रविवार
तह झाला! गावकीच्या बैठकीत ठरलं, एक साल वरची आधी, एक साल खालची. श्रेय अर्थात 'तटस्थ'चं. कोणी तसं बोललं नाही, पण समजून असतील.
नंतर बाबल्या गुरवाने पालखीच्या घरांची यादी वाचली. माझं घर वरच्यांत नाही. खालच्यांतही नाही. उभा राहून विचारलं. रावजी म्हणाले, तूच ना छापलंस, ना वरचे ना खालचे? पालखी वाड्यांत जाते. तटस्थांची वाडी असेल तर दाखव, नेतो. सगळे हसले. सासरे सगळ्यांत मोठ्याने. मीही हसलो.
घरी उद्या सांगेन.

२२ मार्च
सांगितलं नाही. मालन खळं सारवतेय. रावजींना भेटून एक शब्द टाकला तर काम होईल. पण संपादकाने घरच्या कामासाठी वशिला लावणं शोभत नाही. खरं म्हणजे भीती वाटते, पुन्हा हसतील.

२८ मार्च, शुक्रवार
पालखी निघाली. मालन नवी साडी नेसून, ओटीचं ताट घेऊन सकाळपासून दारात. ढोल व्हाळापर्यंत आला आणि वळला. तिने माझ्याकडे बघितलं. विचारलं, तुमाला ठाव होतं? मी म्हटलं, तिसऱ्या अंकात सविस्तर देणार होतो.
ती ताट घेऊन अनवाणी धावली, व्हाळ ओलांडून रस्त्यातच पालखी अडवली. मी वही घेऊन मागे. रस्त्यावरच ओटी भरली, नवस फेडला. बाबल्याने देवीला गाऱ्हाणं घालायला, मागणं मागायला हात जोडले आणि विचारलं, कुठल्या घरचं म्हणू? मालन म्हणाली, भागोजीची लेक म्हण, खालचीवाडी.
त्याने तसंच म्हटलं. सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' केलं. ती बापाबरोबर खाली, माहेरी गेली.
जीव माझा वाचावा म्हणून केलेला नवस. गाऱ्हाणं शब्दशः वहीत उतरवून घेतलंय. घरी येऊन दोनदा तपासलं. माझं नाव नाही.